अप्पांना गुन्हा कबूल करायचा होता

आमच्या घरात चुका फक्त अप्पांच्या होत. दूध उतू गेलं, अप्पांचं चुकलं. गच्चीवर वाळत घातलेले वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, पावसात भिजले, अप्पांचं चुकलं. सांबाऱ्यात मीठ जास्त पडलं तर अप्पा म्हणत, "मीच चिंच आणायला उशीर केला, मग तिची घाई झाली," आणि पुन्हा वाढून घेत. आईचं कधी काही चुकल्याचं मला आठवत नाही. म्हणजे चुकत असे पुष्कळ, पण ते तिच्या नावावर जमा होत नसे.

तंजावरात राजवाड्याच्या मागच्या अंगाला आमचं घर होतं. राजे केव्हाच गेले होते. पणजोबांनी दरबारात लेखणी चालवली, अप्पा इंग्रजांच्या कलेक्टर कचेरीत चालवत होते. लेखणी तीच, फक्त मोडीची इंग्रजी झाली होती. कचेरीतही हरवलेला कागद नेहमी अप्पांनीच हरवलेला असे, आणि सापडला की तो वरच्या माणसाने शोधून काढलेला असे. अप्पांना त्याचं काही वाटत नसे. रस्त्यात कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर पाय वाटेत ठेवल्याबद्दल तेच हात जोडत.

गल्लीने त्यांच्या या स्वभावाचा चांगला उपयोग करून घेतला होता. शेजारच्या दोन घरांत मोरीच्या पाण्यावरून वाद पेटला की कुणीतरी अप्पांना बोलावून आणी. अप्पा मध्ये उभे राहून म्हणत, "माझंच चुकलं. मी आधीच लक्ष घालायला पाहिजे होतं." त्या मोरीशी अप्पांचा काय संबंध, हे दोन्ही घरांना कळत नसे. पण चूक कबूल केलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? दोघेही जरा वेळ घुटमळत आणि जेवायला निघून जात. अप्पांच्या मते ही साधी रीत होती. आल्या माणसाला पाणी द्यायचं, तशी चिडल्या माणसाला चूक द्यायची.

अशा माणसावर फौजदारी खटला झाला तर काय होईल, याचा विचार आमच्या घरात कुणी केला नव्हता. तशी वेळच कधी आली नव्हती.

आईचं माहेर पापनाशमजवळच्या एका खेड्यात. भातशेती, नारळ, केळीची बाग. ती घरातली थोरली. मामा तिच्या पाठीवर फार उशिरा झाला, म्हणून आजोबांनी लेकीलाच बरोबर घेऊन शेत राखलं. लग्न होईपर्यंत ती बैल जुंपत होती, गाडी हाकत होती. लग्न होऊन ती तंजावरात आली आणि गाडीच्या पडद्याआड बसू लागली. राजवाड्याच्या आसपासच्या घरांत तशी पद्धत होती. राजे उरले नव्हते, पण पडदे होते.

त्या वर्षी सुगीनंतर आम्ही तिघं आजोळी गेलो. जाताना आगगाडीने गेलो. परतताना आईने माहेरहून इतकं सामान घेतलं की तिकीटबाबूने वऱ्हाड कुठं आहे म्हणून विचारलं असतं. तांदळाचं पोतं, नारळ, केळीचा घड, आणि पूसण्या. तंजावरातले आम्ही लोक भोपळ्याला पूसणी म्हणतो. त्या इतक्या होत्या की मला पाय ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा आजोबांनी एका बैलाची गाडी आणि एक गाडीवान दिला.

गाडीवानाच्या मेहुण्याचं घर वाटेत अय्यमपेट्टैला होतं. तिथं पोचताच गाडीवानाला ताप आला, असं तो म्हणाला. मेहुण्याकडे कसलीशी जेवणावळ दिसत होती. अप्पांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "आम्हीच तुला उन्हात दामटलं. चुकलं आमचं. तू राहा." गाडीवान राहिला. कासरा अप्पांच्या हाती आला.

अप्पांनी बैलाला चालण्याची विनंती केली. बैलाने ती ऐकून घेतली आणि रस्त्याकडेच्या गवतात तोंड घातलं. अप्पा म्हणाले, "भूक लागली असेल त्यास, माझंच ध्यान राहिलं नाही." बैलाचं खाणं संपेना. शेवटी आईने पडदा बाजूला सारला, पदर खोचला, पुढे येऊन बसली आणि हात पुढे केला.

"द्या इकडे."

तिने जिभेने नुसता एक आवाज काढला. बैलाने मान वर केली, जणू आजोबांच्या अंगणातलं कुणी ओळखीचं भेटलं, आणि चालू लागला. मग ती हाकत राहिली. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं होती, पाटाला पाणी होतं. अप्पा तिच्या शेजारी पाय खाली सोडून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते आणि अधूनमधून सोललेले दाणे तिच्या तोंडात टाकत होते. मी मागच्या बाजूला पूसण्यांवर पाय ठेवून बसले होते. आई इतकी खुशीत मी त्याआधी पाहिली नव्हती. तिचा चेहरा एखाद्या लहान मुलीसारखा झाला होता. मला ती फार आवडली, आणि जरा भीतीही वाटली, कारण गाव जवळ येत होतं.

ठरलं असं होतं, की गावाची वस्ती दिसायला लागली की कासरा अप्पांकडे द्यायचा आणि आईने पडद्याआड जायचं. वस्ती दिसली. अप्पा म्हणाले, "अत्तां दे." आई म्हणाली, "त्या चिंचेपर्यंत जाऊं." चिंच आली. "त्या विहिरीपर्यंत." विहीर गेली. असं करत गाडी थेट कीळवासलच्या, म्हणजे पूर्ववेशीच्या, बाजारात शिरली. आता मात्र ओळखीचं कुणी भेटण्याची धास्ती होती. अप्पांनी हात पुढे केला. त्यानंतर नक्की काय झालं हे मी पाहिलं नाही. माझं तोंड मागे होतं आणि एक पूसणी घरंगळत होती.

मी फक्त आवाज ऐकला. रस्त्याच्या कडेला एका कुंभारणीने मडकी रचून ठेवली होती. आमचं चाक त्यांत गेलं. मडकी एकावर एक कोसळली आणि एक खापर तिच्या पायाला लागून रक्त आलं.

अप्पा गाडी थांबायच्या आत खाली उतरले होते. "माझं चुकलं अम्मा, माझंच चुकलं," असं तमिळमध्ये म्हणत त्यांनी आपलं अंगवस्त्र फाडून तिच्या पायाला बांधलं. कुंभारीण आधी चिडली, मग वरमली. अप्पांपुढे सगळ्यांचं तसंच होई. मडक्यांची भरपाई, वर दोन पूसण्या, आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण बाजारात एक नवा कॉन्स्टेबल उभा होता. त्याला अजून काही करायला मिळालं नव्हतं.

"गाडी कोण हाकत होतं?" त्याने विचारलं.

कुंभारणीने सरळ बोट दाखवलं. "ती अम्मा."

कॉन्स्टेबलने आईकडे पाहिलं. नऊवारी लुगडं, नाकात हिऱ्याची मूक्कुत्ती, पदर आता नीट डोक्यावर. त्याने कुंभारणीला झापलं. "राजवाड्याकडच्या घरातली बाई बैलगाडी हाकते? डोक्यावरही मडकं पडलंय का तुझ्या?" आणि त्याने अप्पांचं नाव लिहून घेतलं. अप्पा तर हात जोडून तयारच उभे होते.

घरी आल्या आल्या आई म्हणाली, "तुम्ही हात घातलात म्हणून बैल बुजला."

"होय," अप्पा म्हणाले. "माझं चुकलं."

समन्स आलं तेव्हा घर हादरलं. सरकारी रस्त्यावर बेदरकारपणे गाडी हाकून माणसाला इजा केली, असा आरोप होता. तेव्हा माझा मामा तंजावरातच वकिली करत होता. तो धावत आला आणि त्याने स्पष्ट सांगितलं, "दंड होईल तो होईल, त्याचं काय एवढं. पण कारकुनावर फौजदारी गुन्हा शाबीत झाला तर साहेब त्यास कचेरीत ठेवील याचा भरवसा नाही. भावजी, नोकरी जाईल." घरात दुसरी मिळकत नव्हती. आजोळची शेती मामाची होती. आणि घरात लग्नाची मुलगी होती, म्हणजे मी.

मामाने एक प्रश्न मात्र विचारला नाही. गाडी कोण हाकत होतं, हे त्याने समन्सात वाचलं होतं आणि तेवढ्यावर तो खूश होता. आपल्या अशिलाला फार खोलात जाऊन विचारू नये, असं वकील लोक कुठंतरी शिकतात. अप्पांनी आपण होऊन सांगितलं नाही. आईनेही आपल्या सख्ख्या भावाला सांगितलं नाही. मी तोंड उघडायला गेले की आई मला ताक घुसळायला पाठवी. त्या दिवसांत आमच्याकडे ताक फार झालं.

मग मामा अप्पांची तालीम घेऊ लागला. तो ऊंजलवर बसे, म्हणजे माजघरातल्या झोपाळ्यावर, आणि मॅजिस्ट्रेट होई. अप्पा समोर उभे राहत.

"तुम्ही बेदरकारपणे गाडी हाकली, हा आरोप तुम्हास कबूल आहे?"

"होय. चुकलंच तें."

मामा झोपाळा थांबवी. "भावजी! नाही म्हणा. 'नाही, कबूल नाही.' एवढंच."

"मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही कसं म्हणावें?"

"तो मोठा माणूस पगार घेऊन विचारतो. त्याला राग यायचा नाही."

पुन्हा झोपाळा हले, पुन्हा प्रश्न, आणि पुन्हा अप्पा म्हणत, "होय." एकदा तर त्यांनी फार प्रयत्न केला. डोळे मिटले, मूठ आवळली आणि म्हणाले, "नाही..." आणि लगेच डोळे उघडून म्हणाले, "रागावू नको हो, चुकलं माझं." मी भिंतीकडे तोंड करून हसले. मामाने कपाळ धरलं.

शेवटी त्याने नीट समजावून सांगितलं. ते मला अजून आठवतं, कारण कायद्यातलं मला समजलेलं तेवढंच आहे. तो म्हणाला, "भावजी, माफी वेगळी आणि कबुली वेगळी. माफी माणसाची मागतात. समोरचा म्हणतो, जाऊं द्या, आणि संपलं. कबुली सरकारास देतात. सरकार जाऊं द्या म्हणत नाही, सरकार लिहून घेतं. तुम्ही कबूल म्हटलंत की पुढे काही नाही. साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही, मला बोलायला जागा नाही. सरळ शिक्षा."

अप्पांनी मान वर केली. "साक्षीदारास काहीच विचारीत नाहीत?"

"कशास विचारतील? तुम्ही कबूल केलंत ना."

"म्हणजे त्या कुंभारणीसही काही विचारणार नाहीत?"

"कुणालाच नाही. तेंच तर सांगतो आहें!"

अप्पांचा चेहरा एकदम निवांत झाला. मामाला वाटलं, आता पटलं. त्याने समाधानाने झोपाळ्याला पाय लावला. मी आईकडे पाहिलं. ती भाजी चिरत होती, आणि तिचा हात विळीवर थांबला होता. आम्हा दोघींनाही त्या क्षणी कळलं, की अप्पा सवयीने होय म्हणत नव्हते. कुंभारणीने भर कोर्टात तोंड उघडलं की 'ती अम्मा' सगळ्या गावात होणार होती. त्यापेक्षा नोकरी गेलेली त्यांना परवडत होती.

त्या रात्रीपासून "तुम्ही हात घातलात" म्हणणं आईने बंद केलं. घर त्यामुळे फार शांत झालं आणि मला ते मुळीच सोसेना.

तारखेच्या दिवशी आई म्हणाली, "मी येतें." मामाने आकाशपाताळ एक केलं. आपल्यातल्या बायका कोर्टाची पायरी चढत नाहीत, गाव काय म्हणेल, वगैरे. आई म्हणाली, "पायरी चढत नाही. बाहेर बसतें." ती आणि मी पडदा लावलेल्या भाड्याच्या गाडीतून गेलो आणि कोर्टाच्या पडवीत, उघड्या खिडकीखाली बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. मी उभी राहिले तर दिसतही होतं, म्हणून मी उभीच राहिले.

मॅजिस्ट्रेट तमिळ ब्राह्मण होते, वयस्कर, तपकीर ओढणारे. आमच्याआधी त्यांच्यापुढे अंधारात दिव्यावाचून गाडी हाकणारे, रस्त्यावर म्हैस बांधणारे असे पुष्कळ लोक येऊन गेले. सगळ्यांनी "कबूल" म्हटलं, दंड भरला आणि गेले. देवळात चप्पल काढून ठेवावी तितक्या सहज ते कबूल करत होते. खरं कुणाचं होतं, खोटं कुणाचं होतं, देव जाणे. तिथं नाही म्हणणाऱ्याला पुढची तारीख मिळे, आणि कामधंदा बुडवून पुन्हा यायला कुणाला सवड होती?

अप्पांचा पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटांनी आरोप तमिळमध्ये वाचून दाखवला आणि विचारलं, "कबूल आहे?"

मामा अप्पांकडे डोळे वटारून पाहत होता. अप्पा हात जोडून म्हणाले, "होय अय्या. माझं चुकलं."

मामाने छताकडे पाहिलं. मॅजिस्ट्रेटांनी टाक शाईत बुडवला. पण हे गृहस्थ जुन्या पठडीतले, कायद्याला फार जपणारे होते. आरोपी कबूल करतो तर ते होता होईल तो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं असतं, आणि समोर सरकारी कारकून उभा होता, म्हैसवाला नव्हे. ते म्हणाले, "सांगा. काय चुकलं?"

हा प्रश्न अप्पांना जन्मात कुणी विचारला नव्हता. लोक चूक घेऊन निघून जात, ती उघडून पाहत नसत. अप्पा गोंधळले. मग एकेक आठवून सांगू लागले.

"गाडीवानास मी वाटेत उतरू दिलं, तें चुकलं."

मॅजिस्ट्रेटांनी लिहिलं.

"गाडीत इतक्या पूसण्या भरू दिल्या. बाजाराच्या दिवशी त्या वाटेनें आलों. आणि मी शेंगा खात बसलों होतों, अय्या."

मॅजिस्ट्रेटांचा टाक थांबला. "शेंगा खाणं पीनल कोडात नाही."

मागे कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेटांनी चिमूटभर तपकीर ओढली. "हे सगळं ठीक आहे. गाडी तुम्ही हाकत होता का?"

"चूक माझीच आहे."

"चूक विचारत नाही मी. कासरा कुणाच्या हातात होता? तुमच्या?"

अप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मला खिडकीतून त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. आयुष्यभर हजारदा "माझं चुकलं" म्हणणाऱ्या माणसाला या एका प्रश्नाला "होय" म्हणता येईना. कारण चुकलं म्हणणं ही त्यांच्या लेखी रीत होती, त्यात खोटं काही नव्हतं. कासरा माझ्या हातात होता म्हणणं हे खोटं झालं असतं, आणि खोटं त्यांनी कधी बोलून पाहिलं नव्हतं. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की मी खिडकीचे गज धरून ठेवले.

"बोला," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

"मला शिक्षा द्या, अय्या."

"कशाबद्दल? तुम्ही काय केलंत ते सांगत नाही, तर शिक्षा शेंगांबद्दल देऊ? याला कबुली म्हणत नाहीत. हा आरोप नाकबूल धरतो मी. साक्षीदार बोलवा."

मामाचा चेहरा उजळला. कुंभारीण पाय ओढत पुढे आली. आणि अप्पांनी, कचेरीत कधी आवाज न चढवलेल्या अप्पांनी, मोठ्याने म्हटलं, "तिला काही विचारू नका! मी कबूल करतों."

"काय कबूल करता?"

पुन्हा तेच. मी खाली पाहिलं तर आई तिथं नव्हती.

ती दारात उभी होती. डोक्यावर पदर, एक हात चौकटीवर. ती आपल्या खेड्यातल्या खणखणीत तमिळमध्ये बोलली, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलावं तशी. "कासरा माझ्या हातात होता. ह्यांनी मागितला होता, मी दिला नाही. मला हाकायचं होतं."

एवढं बोलून ती थांबली. मला वाटलं संपलं. पण ती पुढे म्हणाली, "चुकलं माझं."

मी ते शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. मामानेही बहुतेक पहिल्यांदाच ऐकले असावेत, कारण त्याने हातातले कागद खाली टाकले. अप्पांनी चटकन मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "नाही अय्या, तिचं..." आणि त्यांना पुढे काही सुचलं नाही.

"मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतेय!" कुंभारीण ओरडली. "कुणी ऐकेल तर शपथ!"

कॉन्स्टेबल कमरेचा पट्टा नीट करू लागला.

मॅजिस्ट्रेटांनी कुंभारणीला विचारलं, "गाडी फार वेगात होती?"

"तो बैल?" ती म्हणाली. "डोक्यावर मडकी घेऊन मी त्याच्या पुढं निघून जाईन. आणि मडकी मी रस्त्यात मांडली होती, ते खरं आहे. बाजारात जागा कुठं असते? ह्या अय्यांनी पाय बांधला, मडक्यांचं दिलं, पूसण्याही दिल्या. मला कुणाला शिक्षा नको. मला फक्त माझं म्हणणं लिहून पाहिजे होतं."

मॅजिस्ट्रेटांनी ते लिहिलं. मग त्यांनी कॉन्स्टेबलला शांतपणे विचारलं, की आरोपीच्या हातात कासरा नव्हता, हे तर दिसतंच आहे. आता या बाईंवर नवा खटला भरायचा का? तसं केलं तर आधी आपण चुकीचं लिहिलं, असं लिहून द्यावं लागेल. कॉन्स्टेबलला तशी इच्छा नव्हती. कबुली देण्याची हौस त्या दिवशी कोर्टात फक्त आमच्या घरच्यांना होती. मॅजिस्ट्रेटांनी अप्पांना सोडून दिलं आणि पुढचा पुकारा झाला.

बाहेर आल्यावर मामा आईवर ओरडला. "अक्का, मज आधी सांगायचं नाही?"

"तू विचारलंस कोठे?" आई म्हणाली. त्याच्या बाबतीत ती काही कबूल करणार नव्हती.

अप्पांची नोकरी राहिली. गाव बोललं, ते बोलायचंच होतं. काही दिवस गल्लीतल्या बायका आमच्या दारावरून जाताना पुढे नजर ठेवून चालत. मग एकेक जणी काहीतरी मागायला म्हणून येई, दारात रेंगाळे आणि हळूच विचारी, "भीती नाही वाटली? बैल ऐकतो कां?" आई त्यांना जिभेचा तो आवाज काढून दाखवी. माझं लग्न ठरायला जरा वेळ लागला, हे खरं. एका घराने तर बैलगाडीचं निमित्त करून नकार कळवला. ज्या घरी मी गेले, तिथल्या सासऱ्यांनी मला पाहायला आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "मुलीला गाडी हाकता येते का?"

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा दुपार टळून गेली होती. कुणीच जेवलं नव्हतं. मामा आपल्या घरी गेला होता. आईने घाईने भात टाकला, सांबारं केलं. अप्पा हातपाय धुऊन पाटावर बसले. समोर केळीचं पान होतं. आईने भात वाढला. ती वाढत असताना अप्पा पानाकडे पाहत म्हणाले, "माझंच चुकलं. माझ्यामुळें तुला चार लोकांत उभं राहावं लागलं."

आईच्या हातातली पळी थांबली.

"नाही," ती म्हणाली. "तुमचं नाही चुकलं."

अप्पांनी वर पाहिलं. त्यांना ऐकू आलं होतं, पण काय ऐकलं ते कळलं नव्हतं.

"तेव्हाही नाही," आई म्हणाली. "तुम्ही कासऱ्यास हात लावलाच नव्हता. मज ठाऊक होतं."

अप्पांचे हात मांडीवरच राहिले. सकाळी कोर्टाने सोडलं तेव्हा ते इतके गांगरले नव्हते. त्यांनी अगदी खरोखर, लहान मुलाने विचारावं तसं विचारलं, "मग आता मी काय म्हणूं?"

"काही म्हणू नका," आई म्हणाली आणि त्यांच्या भातावर सांबारं वाढलं. "जेवा."

अप्पा जेवू लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. मीही घास घेतला. सांबाऱ्यात मीठच नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तशी आईने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं आणि पानातलं सगळं जेवले.